न हलणारा कॅमेरा कोणाकडून घ्यावा

कुरखेडा,
कोजागिरीचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप मामांना,

भाचा देवानंदचा नमस्कार. हात धुऊन, पुसून, वाळवून केलेला आहे (ओल्या हाताने निगेटिव्हला आणि वडीलधाऱ्यांना शिवू नये, हे तुम्हीच शिकवलं होतं). इकडे सगळे खुशाल. हलकं धान कापणीला आलंय, उशिराचं भारी अजून उभं आहे. तुमची भाचेसून रुपाली दिवसभर ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसते आणि संध्याकाळी घरी येऊन माझ्या डोक्यावर. आई ठणठणीत आहे. हे वाक्य मी पुढेही एकदोनदा लिहिणार आहे, त्याला कारण आहे. मामींना नमस्कार सांगा. तुमचा खोकला कसा आहे? हे मी विचारतोय, आईने विचारलेलं नाही. आई फक्त रोज संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून म्हणते, "चांद्याले धूळ लय असन आता" (तिच्यासाठी चंद्रपूर अजून चांदाच आहे). मग जरा थांबते. मी "असेल" म्हणालो की म्हणते, "असो, आपल्याले काय करा लागते." असं नऊ वर्षं चाललंय. माझ्या हिशेबी ती तुमच्या छातीची रोजची चौकशी आहे, पण तसं म्हणायची घरात कोणाची हिंमत नाही.

पत्र लिहायचं कारण असं, की तुम्ही आमचा फोन घेत नाही. मामींनी घेतला तर मागून तुमचा आवाज येतो, "राँग नंबर म्हण." इतक्या जोरात ओरडता की नंबर बरोबर आहे आणि छातीही शाबूत आहे, या दोन्ही गोष्टींची खात्री पटते. पत्राचं तसं नसतं. पत्र आलं की माणूस फोडतोच, निदान आत आपल्याला शिव्या आहेत का ते पाहायला तरी. शिव्या नाहीत. पुढे वाचा.

तर मुद्दा असा, की मला मोठा कॅमेरा घ्यायचा आहे आणि तो कोणत्या कारागिराकडून घ्यावा याबाबत तुमचा सल्ला हवा आहे. मोठा म्हणजे मोठाच: तिपाईवर उभा राहणारा, मधे भाता, मागे दुधी काच, आणि त्या काचेमागे काळं कापड पांघरून माणूस आत शिरला की समोरची सगळी दुनिया उलटी टांगलेली दिसते, तो. तुमच्याकडे होता तसला. आता हसू नका (हसलात तर खोकला येईल). याच तोंडाने मी तुम्हाला म्हणालो होतो, मामा, हा खोका द्या आता फेकून, मोबाइलमध्ये सगळं येतं. ते शब्द मी परत घेतो. मोबाइलमध्ये सगळं आलं हे खरं, त्यात माझा स्टुडिओही गेला. दारावर 'मनसाराम फोटो स्टुडिओ' अशी बाबांच्या नावाची पाटी अजून आहे, पण आत मी आधार कार्डाच्या झेरॉक्स काढतो. लग्नाचे फोटो ड्रोनवाले काढतात. परवा एका लग्नात ड्रोन मांडवाच्या झालरीत अडकून बसला आणि अख्ख्या अल्बममध्ये पाहुण्यांची टकलंच आली. तरी लोकांना तेच आवडतं. टकलावरून माणूस ओळखायची स्पर्धा लागते म्हणे.

मला कॅमेरा हवा आहे तो आईसाठी. तो फोटो तुम्हाला आठवतो हे मला माहीत आहे, तरी तुम्ही विसरलात असं धरून सांगतो, म्हणजे मला माझ्या पद्धतीने सांगता येईल. आपल्या मंडईच्या जत्रेचा दिवस, म्हणजे भाऊबीजेचा दुसरा. तुम्ही चंद्रपूरहून तो कॅमेरा घेऊन आला होता. पहिल्या दोन फिल्म तुम्ही दंडारीत सोंगं घेऊन नाचणाऱ्या मंडळींवर उडवल्या (त्यातला एक जण तर साडी नेसलेला तुमचा वर्गमित्रच होता, म्हणून), आणि घरच्यांसाठी उरली एक. तलावाच्या पाळीवर एकोणीस माणसं आणि दोन म्हशी ओळीने बसवल्या. उजेड उतरला होता. तुम्ही जाहीर केलं, एक सेकंद कोणी हलायचं नाही. सगळ्यांनी श्वास धरला. मला वाटतं म्हशींनीही धरला. तुम्ही हातातलं तारेचं बटण दाबलं. फोटो धुऊन आला तेव्हा बाबा इतके स्वच्छ, की खांद्यावरच्या जाळ्याचे डोळे मोजून घ्यावेत. म्हशी स्वच्छ. आणि बाबांच्या शेजारी आईच्या जागी एक धुक्याचा पुंजका, लुगड्यातला. त्याच पौषात बाबा गेले. दोघांचा एकत्र असा तोच एक फोटो आहे, आणि त्यात आई नाही म्हटलं तरी चालेल.

पुढचं बोलणं मी शब्दशः लिहितो, कारण ते मला पाठ आहे. फोटो हातात धरून तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "म्हशी नाई हलल्या, अन् तू हलली?" आई म्हणाली, "मी नाई हलली. तुह्या डब्ब्याचे पाय हलले." तुम्ही म्हणालात, "डब्ब्याचे पाय हलले असते तं सगळेच हलले असते." हे तुमचं बरोबर होतं, आणि आईने तुम्हाला माफ न करण्याचं तेच कारण आहे. समोरचा चुकीचं बोलला तर ती सोडून देते. पुढच्या वर्षी तुम्ही रागाने कॅमेरा नागपूरच्या कुण्या हॉटेलवाल्याला विकून टाकलात आणि त्याने त्यावर फुलदाणी ठेवली, असं कळलं. आई म्हणाली, बरं झालं. त्या दिवशी ती जेवली नाही. मी पुढे ती निगेटिव्ह कॉम्प्युटरवर मोठी करून पाहिली. धुक्यात आईला दोन नाकं आहेत. एक सरळ समोर, दुसरं उजवीकडे वळलेलं. उजवीकडे काय होतं ते मला आठवत नाही, पण म्हशी डावीकडे होत्या, एवढं नक्की.

या पोळ्याला आईने फर्मान काढलं. "मले फोटो पाह्यजे. बसून, श्वास धरून. मोबाइलचा नाई. तुह्या बाबाच्या बाजूले लावाले." आणि वर अट, "असा कॅमेरा पाह म्हनतो मी, का जो हलतच नाई." (आई चिडली की स्वतःला 'म्हनतो' म्हणते, तुम्हाला माहीत आहेच.) म्हणजे मामा, मला नुसता कॅमेरा नाही, नऊ वर्षं चाललेल्या खटल्यातला साक्षीदार विकत आणायचा आहे. तो आईच्या बाजूने बोलला तर तुम्ही बोलणार नाही, तुमच्या बाजूने बोलला तर मला जेवण मिळणार नाही. एवढी जोखीम असल्यावर माणूस कारागीर नीट पारखूनच घेणार.

पहिले कारागीर जर्मनीतले निघाले. इंग्रजी सगळं रुपालीने लिहिलं. ती घरकुलाचे अर्ज भरते, त्यामुळे तिच्या इंग्रजीत एक सरकारी धाक आहे. यांचा कॅमेरा सगळा धातूचा, एका रुळावर पुढेमागे सरकणारा. आम्ही एकच प्रश्न विचारला: हलतो का? त्यांचं चार पानी उत्तर आलं, अभिमानाने ओथंबलेलं. समोरचा भाग वर जातो, खाली जातो, डावीउजवीकडे सरकतो, मान वाकवतो. मागचा भागही तसाच. असा हलणारा कॅमेरा दुसरा कोणी बनवूनच दाखवावा. रुपालीने ते आईला मराठीत वाचून दाखवलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढा हलते तं तो कायले पाह्यजे? यापक्षा भाऊचा बरा होता." (हे वाक्य मी तारखेसकट लिहून ठेवलं आहे. कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही.) मी तिला समजावलं की हे हलणं फोटो काढायच्या आधीचं असतं, घरं तिरपी दिसू नयेत म्हणून. तिने विचारलं, मी घर आहे का?

तरीही मी जर्मनांचा नाद सोडला नव्हता. त्यांनी विचारलं होतं, फोटो कशाचा काढायचा आहे, त्याची मापं काय आणि तो किती अंतरावर असेल, म्हणजे भाता केवढा लागेल ते सांगू. इथे माझी चूक झाली. मी गवंड्याचा टेप आणला, आईला अंगणात खुर्चीवर बसवलं आणि मापं घ्यायला लागलो: कपाळ ते हनुवटी, या कानापासून त्या कानापर्यंत, बसलेली उंची. कागदावर लिहीतही होतो. कुंपणापलीकडून शेजारची मंगलीबाई पाहत होती. आता फोटोवाला मुलगा म्हाताऱ्या आईच्या तोंडाचं माप घेतो म्हणजे काय, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. फ्रेमचं माप, हाराला जागा सोडून. मंगलीबाई घागर न घेताच नळावर गेली. दुपारपर्यंत गोकुळाबाईचं काही खरं नाही ही बातमी बाजारात पोचली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून माणसं भेटायला येऊ लागली. केळी, बिस्किटचे पुडे, एकाने तर गंगाजलाची बाटली आणली आणि आई उठून त्याच्यासाठी चहा ठेवायला गेली तेव्हा तो घाबरला. आई ठणठणीत आहे (लिहिणार म्हणालो होतो). आधी ती माझ्यावर खवळली. मग केळी पाहून निवळली. मग तिने ठेवणीतलं लुगडं काढलं आणि दारात बाज टाकून बसली.

दोन दिवस बसली होती, मामा. समोर सुपात मिरच्या घेऊन. कोणी विचारलं तर देठं काढून राह्यली म्हणायची. त्या मिरच्यांना देठं पहिल्या तासातच उरली नव्हती. वडशाची एसटी यायच्या वेळेला (चंद्रपूरचा माणूस त्याच गाडीने येतो) ती सूप बाजूला ठेवून पदर नीट करायची. पस्तीस माणसं येऊन गेली. तिसऱ्या दिवशी तिने ते लुगडं सोडलं, घडी घातली आणि रुपालीला म्हणाली, "सगळे येऊन गेले." बस, एवढंच. मला त्या दिवशी तुमचा फार राग आला. यावर काही गमतीचं लिहिता येईल का म्हणून मी पेन घेऊन बराच वेळ बसलो, पण सुचलं नाही.

असो. दुसरे कारागीर जपानचे. हे एक वयस्कर गृहस्थ, एकटेच, चेरीच्या लाकडाचा कॅमेरा हाताने बनवतात आणि रांग चौदा महिन्यांची आहे. ते ब्याऐंशीचे, आई सत्तरीची, फोटो काढणारा मी, म्हणजे बेभरवशाचा. या तिघांची चौदा महिन्यांची हमी कोण देणार, असं रुपालीचं म्हणणं. तरी आम्ही लिहिलं. त्यांनी सगळ्यात आधी हवामान विचारलं. रुपालीने सरकारी सवयीने खरं ते भरलं: मे महिन्यात शेहेचाळीस अंश, चार महिने पाऊस, श्रावणात कपाटाचं दार उघडत नाही आणि उन्हाळ्यात लागत नाही. त्यावर त्यांचं इतकं सुंदर आणि दुःखी पत्र आलं की आईने ते दोनदा वाचून घेतलं. त्यांनी लिहिलं होतं, की आपला कॅमेरा अशा ठिकाणी पाठवायला मन धजत नाही, त्याबद्दल क्षमा करावी. आणि अशा हवेत आपल्या मातोश्रींची प्रकृती कशी राहते? आईला हा माणूस फार आवडला. म्हणाली, "नाई म्हनते, पन इचारते तं खरा." आणि मग बराच वेळ चंद्रपूरच्या दिशेच्या भिंतीकडे पाहत राहिली.

तिसरा कारागीर आपला वारलू सुतार. याच्याकडे रांग नाही, हवामान त्याला माहीत आहे, आणि चार पानी उत्तर द्यायला तो लिहीत नाही. वारलूने आजवर कॅमेरा केला नव्हता. पण बैलबंडी केली होती, पाळणे केले होते आणि नाटकवाल्यांसाठी एक सिंहासन केलं होतं, आणि त्याच्या मते कॅमेरा या तिघांच्या मधेच कुठेतरी येतो. लाकडाचा प्रश्न आला तेव्हा आई आतून उठून बाहेर आली. बाबांचा मासेमारीचा डोंगा नऊ वर्षं घरामागे पालथा पडला आहे, तुम्हाला माहीत आहे. सागवानी फळ्यांचा. त्याला तिने कोणाला हात लावू दिला नव्हता, कोंबड्यांनासुद्धा नाही. ती वारलूला म्हणाली, "त्याच्या डोंग्याचा कर. पान्यात राहूनबी हलत नोहोता तो." वारलूने एक फळी तासली, हुंगली आणि म्हणाला, लाकूड एक नंबर आहे, पण याले वास राहीन. राहिला. कॅमेरा कुठेही उभा केला तरी दहा मिनिटांत मांजरं जमतात. एक पांढरं मांजर तर काळ्या कापडाखालीच मुक्कामाला असतं, आणि मी आत शिरलो की आपण कोण अशा नजरेने पाहतं.

भाता मात्र वारलूला जमेना. म्हणून मी खोका तिपाईसकट मोटरसायकलवर बांधून वडशाला झाडूभाऊंकडे गेलो. नाटक कंपन्यांच्या झाडून सगळ्या हार्मोनियमच्या पेट्या तेच दुरुस्त करतात, घडीचं चामडं त्यांच्याइतकं कोणालाच जमत नाही. त्यांनी दोन दिवसांत असा भाता करून दिला की जर्मनांनी येऊन पाहावा. घड्या एकसारख्या, कोपरे धारदार. मी तो उजेडाकडे धरला तर आत दोन भोकं, त्यांवर चामड्याच्या झडपा. मी म्हणालो, भाऊ, हे काय? ते म्हणाले, "भाता आहे तं हवा घेतलीच पाह्यजे ना, बाबू. चाळीस वर्षं झाले, बिनझडपीचा भाता मी बनवला नाई." मी सांगितलं की याच्या आत अंधार भरायचा आहे, हवा नाही. ते भाता दोनदा ओढून-मिटून म्हणाले, अंधारालेबी श्वास लागतेच. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा मी सायकलच्या दुकानातून पंक्चरची दोन ठिगळं आणून भोकं बुजवली. तरीही भाता ओढला की कुठून तरी उसासा ऐकू येतो, अगदी आईसारखा. पहिल्यांदा आला तेव्हा मी सवयीने म्हणालो, आता काय झालं?

परत येताना वाटेतल्या वनोपज तपासणी नाक्यावर मला थांबवलं. (जाताना कोणी विचारलं नव्हतं. जाताना तो नुसता खोका होता.) वनरक्षक सभ्य माणूस होता. "काय आहे?" कॅमेरा आहे. "सागवान दिसून राह्यलं." डोंग्याचं आहे. "डोंगा कुठी आहे?" हाच. तो खोक्याभोवती एक चक्कर मारून आला. शेवटी मी तिथेच रस्त्याच्या कडेला तिपाई मांडली, कॅमेरा चढवला, समोर तात्पुरतं एक भिंग बसवलं होतं ते पुसलं आणि म्हणालो, साहेब, आत या. तो कापडाखाली शिरला. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "बाप्पा! गाड्या वरतून येऊन राह्यल्या." मग दुसरा वनरक्षक शिरला. मग एसटीचा कंडक्टर उतरून आला, त्याच्या मागे प्रवासी. नाक्याचा आडवा बांबू आभाळात लटकलेला पाहायला रस्ताभर रांग लागली. पाहून झाल्यावर त्या भल्या माणसाने सांगितलं, जुनं लाकूड आहे, घरचं आहे, जा तुम्ही. तेव्हाच मी जायला हवं होतं. पण प्रत्येक गोष्टीवर शिक्का असावा ही तुमचीच शिकवण. मी हट्ट धरला की उद्या कोणी विचारायला नको, लाकडावर तुमच्या हातोड्याचा ठसा मारूनच द्या. तो दोनदा नको म्हणाला. तिसऱ्यांदा त्याने हातोडा उचलला. ठसा फार सुरेख उमटला आहे. मागची दुधी काच मधोमध दुभंगली.

आता तिथे आमच्या न्हाणीघराच्या खिडकीची काच बसवली आहे. ती आपोआपच दुधी आहे आणि मापालाही जवळजवळ बरोबर आली. रुपाली आठ दिवसांपासून बारदान्याच्या पडद्याआड आंघोळ करते आणि माझ्याशी फक्त लेखी बोलते. जर्मनांना तिने कसं लिहिलं होतं ते आठवून मी उत्तरं जपून देतो.

तर मामा, असे हे तीन कारागीर. एकाचा कॅमेरा सगळीकडून हलतो आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. दुसऱ्याचा इतका चांगला आहे की आमच्याकडे यायलाच तयार नाही. तिसऱ्याचा उसासे टाकतो, मांजरं जमवतो आणि वनखात्याच्या ठशासकट आहे. तुमचं सगळं आयुष्य या कॅमेऱ्यांत गेलं, तेव्हा कोणाकडून घ्यावा ते विचार करून कळवा. मंडई जवळ आली आहे, म्हणून जरा लवकर कळवा. खोकल्याला ज्येष्ठमध तोंडात धरत जा, आणि हेही आईने सांगितलेलं नाही.

तुमचा भाचा,
देवानंद
(फिल्म धुताना अंधारखोलीचं दार उघडून 'मामा, चहा' म्हणालेला)

ता. क. खरं सांगायचं तर जर्मनांना नको म्हणून कळवून महिना झाला. वारलूचा कॅमेरा स्टुडिओत तिपाईवर तयार उभा आहे, फिल्म धरायची चौकटसुद्धा त्याने केली आहे. तिपाईच्या पायांना रेतीच्या पिशव्या बांधल्या आहेत, बैल धडकला तरी हलायचा नाही. फक्त त्याला डोळा नाही. भिंगातून आईचं नाक तेवढं दिसतं, बाकीची आई कडेला विरघळते. मामी म्हणाल्या, तुम्ही कॅमेरा विकलात पण लेन्स विकली नाही. ती ट्रंकेत लोकरीच्या मोज्यात ठेवली आहे, आणि फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे फिल्मचा डबाही आहे, तो दर दिवाळीला नवा येतो. मामींना रागावू नका, त्यांना मीच बोलतं केलं. ती लेन्स आणि एक फिल्म रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली तर काम होईल. फोटो झाला की मोज्यासकट परत करतो.

ता. क. २. रुपालीने (लेखी) कळवलं आहे की काचेच्या बाबतीत मी कोणाचाच भरवसा धरू नये, पोस्टाचाही नाही. लेन्स हातानेच आणलेली बरी. तेव्हा भाऊबीजेला या. दुसऱ्या दिवशी मंडई आहेच. आणखी एक, मामींनी आत्ताच फोनवर सांगितलेलं. केळ्यांच्या त्या दुसऱ्या दिवसाचं चंद्रपूर ते वडसा असं एसटीचं तिकीट मामींना तुमच्या सदऱ्याच्या खिशात सापडलं, धुवायला काढताना. वडशाच्या स्टँडवर तुम्हाला कोणी तरी सांगितलं असणार, गोकुळाबाई दारात बसून केळी खाते, आणि तुम्ही तिथूनच परत गेलात. मी वर जो राग लिहिला आहे तो खोडायला हवा, पण खोडला तर कागद फाटेल, म्हणून तसाच राहू देतो. फक्त मामा, वडशापासून कुरखेडा तासाभरावर आहे. या खेपेला तेवढं बसून राहा.

ता. क. ३. पत्र पाकिटात घालणार तेवढ्यात आईने रुपालीला बसवून सगळं वाचून घेतलं. तिकिटाचं दोनदा वाचायला लावलं.  आत्ता म्हणते, माहं लिही, अन् माह्याच शब्दात लिही, तुहा शहानपना नको. लिहितो आहे: "भाऊ, मी हलली होती. पहिल्या दिवसापासून माहीत आहे मले. तू उजव्या बाजूले बटन धरून उभा होता अन् तुले खोकला आला, म्हनून पाह्यलं. आता खोकलला तरी पाहीनच. फिलमा दोन आनजो."